आधी पट्ट्यांची सोय

भोरमध्ये भाड्याची खोली शोधत होते तेव्हा पहिल्या चारही घरमालकांनी मला एकच गोष्ट विचारली, लग्नाचं काय. पाचवे पारठेकाका. त्यांनी ते विचारलं नाही. माझ्यापुढे जिना चढले, कुलूप काढलं, मला आत घेतलं आणि माझ्याकडे न बघता छताच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरबाई, तुमी वली कापडं खोलीत वाळत घालता का?"

"पावसाळ्यात घालावीच लागतात की," मी म्हटलं.

"मग जमायचं न्हाई." असं म्हणून ते कुलूप लावायला वळले.

मी जनावरांची डॉक्टर. नोकरी मार्गासनीच्या बाजूला. त्या दिवशी सकाळपासून एका अडलेल्या म्हशीशी झगडून आले होते आणि सहावी खोली बघायचं त्राण अंगात उरलं नव्हतं. म्हणून तिथल्या तिथे कबूल केलं, की कपडे खाली मागच्या पत्र्याखाली वाळवीन, छत्री जिन्यात ठेवीन आणि खोलीत चहासुद्धा उकळणार नाही. शेवटची अट मी आपली चेष्टेने घातली होती. काकांनी ती गंभीरपणे मंजूर केली. माणूस वेडा आहे असं माझं मत झालं. ते बरोबरच होतं, फक्त वेड कशाचं हे कळायला जून उजाडावा लागला.

रघुनाथ पारठे मूळचे हिर्डोशीचे. नोकरी धरणावर. रोज सकाळी आठला पावसाचं माप घ्यायचं आणि वहीत लिहायचं, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. स्वतःच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा आठला माप घेऊन मग मांडवात आले. मुहूर्त उशिराचा होता म्हणून निभावलं, असं सुमनकाकू अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर सरकारने त्यांना सोडलं, पण त्यांनी पावसाला सोडलं नाही. गच्चीवर स्वतःचं मापाचं नळकांडं उभं केलं आणि घरात हवेतला दमटपणा दाखवणारं एक गोल यंत्र आणून टांगलं. घरात सगळे त्याला ओलीचं घड्याळ म्हणायचे. काका वेळ विचारायच्या आधी ओल विचारायचे.

माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार पाडले होते, ओला आणि कोरडा. उसनी नेलेली हत्यारं परत न करणारा ओला. दारात उभं राहून अर्धा तास निरोप घेणारा ओला. लग्नात भाषण करणारा तर ठार ओला. मी भाडं हातात ठेवून दोन वाक्यांत जिना चढते, हे पाहून त्यांनी तिसऱ्या महिन्यात काकूंना सांगितलं, "डॉक्टरीण कोरडी हाय." काकूंनी हे मला अशा आवाजात सांगितलं, जणू मला दिल्लीहून पदक आलंय.

तर आता वेडाबद्दल. घराच्या मागच्या पडवीत काकांनी सुतारकामाचं दुकान थाटलं होतं. विकायला काही नाही, सगळं हौसेचं. त्यात एक लाकूड घासायचं अवजड मशीन होतं. भोरच्या बाहेर एक फर्निचरचा कारखाना बंद पडला, तिथून त्यांनी ते उचलून आणलं, आणि मशीनबरोबर कारखान्यातले उरलेले सगळे पट्टे. पॉलिश पेपर आपण पाहिलेला असतो, तसलाच पण जाड कापडाचा, वीतभर रुंद आणि दोन्ही टोकं चिकटवून अखंड गोल केलेला. खुंटीला अडकवला तर माणसाएवढा लांब लोंबायचा. साठ नंबरचा खरखरीत, मग एकशेवीस, मग दोनशेवीसचा गालावर फिरवावा इतका बारीक. असे चाळीस पट्टे.

आणि या चाळीस पट्ट्यांचं करायचं काय, हा काकांच्या निवृत्त आयुष्यातला प्रश्न होता. पट्ट्याला घडी पडलेली चालत नाही. एकदा घडी पडली की मशीनवर पट्टा फिरताना दर फेरीला तेवढीच रेघ लाकडावर आपटते आणि फळी खराब होते. ओल लागली की चिकटवलेला सांधा सुटतो आणि पट्टा फटकन तुटतो. जमिनीवर ठेवायचा नाही, भिंतीला टेकवायचा नाही, उन्हात घालायचा नाही. आणि राहायचं कुठे, तर भोरात, जिथे आषाढात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि चपलांना मिशा येतात.

आधी त्यांनी पट्टे खिळ्यांना लावले. मग लक्षात आलं की खिळ्यावरसुद्धा पट्टा बारीक मोडतो, खुंटी रुंद आणि गोल हवी, ताटाएवढी. ताटाएवढं गोल आणि लाकडाचं घरात काय असतं? पोळपाट. काकूंचे तीन होते, त्यातला एक माहेरचा, आंबवड्याचा, शिसवी. काकू भाजी आणायला गेल्या असताना काकांनी तिन्ही पोळपाट पडवीच्या भिंतीला आडव्या दांड्यांवर ठोकून टाकले. काकूंनी महिनाभर ओट्यावर पोळ्या लाटल्या आणि प्रत्येक पोळी काकांच्या ताटात अशी टाकली की आमटी उडावी. पोळ्या नकाशासारख्या यायच्या. काका मुकाट्याने खायचे आणि पडवीत जाऊन पट्टे बघून यायचे. छान लोंबत होते.

पोळपाटांवर बसले बारा. राहिले अठ्ठावीस. आणि जूनमध्ये पडवीतलं ओलीचं घड्याळ शेवटच्या आकड्याला जाऊन चिकटलं. मग एका रविवारी काका वर आले आणि दारात उभे राहिले.

"डॉक्टरबाई, समद्या घरात तुमची खोली कोरडी."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही खोली मुळात मला दिलेलीच नव्हती. ती पट्ट्यांसाठी राखली होती आणि मी तिची राखण करत होते. मला राग आला. पण मी कोरडी असल्यामुळे दोन वाक्यांत आटपलं. म्हटलं, टांगा, पण माझ्या पलंगावर नको. त्यांनी छताला बांबू बांधले, बांबूंना रंगाचे रिकामे डबे आडवे अडकवले आणि त्या डब्यांवरून चाळीसच्या चाळीस पट्टे सोडले. पलंगावर एकही नव्हता. पलंगाच्या चारी बाजूंनी होते. सकाळी उठून मोरीत जाताना दोन-तीन पट्टे हाताने बाजूला सारावे लागायचे आणि झोपेत चुकलं की कोपर सोलून निघायचं.

जुलैमध्ये माझी आई राहायला आली. दार उघडलं आणि उंबऱ्यावरच थांबली. तपकिरी, लांब, वरून खाली लोंबणारे चाळीस पट्टे. आईने नाकाला पदर लावला.

"अगं, तू जनावरं बरी करतेस ना?" ती हळूच म्हणाली. "मग ही कातडी कशाला वाळत घातलीस?"

मी तिला पट्टे, घडी, ओल, सगळं समजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हे मशीन करतं काय?" एवढ्या दिवसांत मी ते मशीन सुरू झालेलं पाहिलंच नव्हतं.

त्याचं कारण पडवीच्या कोपऱ्यात घोंगड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. फणसाची एक फळी. सहा फूट लांब, दोन हात रुंद, चार बोटं जाड. काकांची थोरली बहीण आक्का हिर्डोशीला राहते. नवरा लवकर गेला, तेव्हा एका मुलाला, प्रकाशला, घेऊन माहेरी आली ती तिथलीच झाली. तिच्या अंगणातला फणस वादळात पडला, त्यातून ही एकच धड फळी निघाली. आक्काने काकांना सांगितलं, "रघ्या, मला ह्येचा झोपाळा करून दे." काका म्हणाले, देतो. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. फळी रंधून, कापून तयार होती, राहिलं होतं फक्त घासणं. पण कुणी विचारलं की काकांचं उत्तर ठरलेलं, "आधी पट्ट्यांची सोय, मग झोपाळा." आधी लगीन कोंडाण्याचं, तशातला प्रकार. फरक एवढाच, की कोंडाणा एका रात्रीत सर झाला.

श्रावणात आक्का पडली. फार लागलं नाही, पण गुडघे कामातून गेले. जमिनीवर बसली की उठता येईना. मी रविवारी स्कूटीवर काकांना मागे बसवून हिर्डोशीला गेले. पडवीत जाडजूड भिंतीला टेकून, खताच्या तीन पोत्यांवर घोंगडी टाकून आक्का बसली होती. समोर भाताची खाचरं, हिरवीगार. आक्काचं वय ऐंशीच्या घरातलं, आवाज मात्र खाचरं ओलांडून जाईल असा.

"खुर्ची का नाही घेत, आक्का?" मी विचारलं.

"आनली व्हती की पोरानं. पिल्याष्टिकची. सारवलेल्या भुईवर तिचा पाय सरकला, म्या हिकडं आन् खुर्ची तिकडं." मग काकांकडे वळून, "झोपाळा कुठवर आला रं?"

"आक्का, पट्ट्यांची सोय—"

"घाल चुलीत तुझं पट्टं. प्रकाश दिवाळीला येतोय. वसुबारसंला मला पुण्याला न्यायचं म्हनतोय. फ्ल्याटात. सोफा हाय म्हनं बसायला." ती खाचरांकडे बघत राहिली. "घरात बसायला जागा न्हाई म्हनून घर सोडू व्हय म्या?"

मी मधे तोंड घातलं, म्हटलं, तोवर एखादं बाकडं करू या. आक्काने माझ्याकडे दयेने पाहिलं. "बाकड्यावर यष्टीची वाट बगत्यात, बाई. झोपाळ्याला साखळी आसती. धरून उठता येतं. आन् पायानं जरा रेटलं की मानूस एकलं न्हाई ऱ्हात, कायतरी हालतंय म्हनून बरं वाटतं. उठताना हालायला नगं म्हनून वासरागत दाव्यानं बांधायचा त्येला, झालं." तिचा सगळा विचार करून झालेला होता.

घरी परतल्यावर काका म्हणाले, की वसुबारसेच्या आत झोपाळा लागणार. मला खरं वाटलं. मी भाबडी आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कामाला हात घातला, म्हणजे पट्ट्यांसाठी कपाट करायला घेतलं. आत दिव्याचे गोळे लावून पट्टे उबेत ठेवायचे होते. कपाट अर्धं झालं, मग त्याची उंची चुकली, मग दुसरं सुरू झालं. गणपती बसले. फळी घोंगड्यातच. मधेच त्यांना आठवलं, की आक्काच्या पडवीची तुळई झोपाळ्याचं वजन पेलेल का हे पाहिलंच नाही. म्हणून गौरी यायच्या आदल्या दिवशी ते टेप घेऊन दोन दिवसांसाठी हिर्डोशीला गेले.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. सुमनकाकूंचा जगात एका गोष्टीवर विश्वास आहे, घडीवर. दुधाच्या पिशव्या धुऊन त्यांच्या त्रिकोणी घड्या करून ठेवणारी ही बाई. ओल्या टॉवेलाचीसुद्धा घडी करून मग तो दोरीवर टाकते. त्यांच्या कपाटातली लुगडी बघितली तर एकाच गिरणीतून आत्ता आल्यासारखी. गौरीला आंबवड्याहून त्यांच्या दोन भावजया येणार होत्या आणि त्यांची झोपायची सोय माझ्या खोलीत, हे मी आनंदाने कबूल केलं होतं. पट्ट्यांचं काय करणार, हे मी विचारलं नाही. ती माझी चूक.

मी संध्याकाळी मार्गासनीहून आले तर खोली लख्ख. छत मोकळं. पलंगावर धुतलेली चादर. मी उल्हासाने खाली गेले, म्हटलं, काकू, पट्टे कुठे ठेवले?

"ट्रंकेत," काकू म्हणाल्या. चेहऱ्यावर कष्टाचं समाधान. "बगायचंय?"

ट्रंक उघडली. चाळीस पट्टे, वीतभराच्या चाळीस चौकोनी घड्या. घडीत घडी, तीन वेळा दुमडलेल्या, कडेला कड जुळवून. कापड जाड, घडी बसेना, म्हणून वर पाटा-वरवंटा ठेवून दाबलेल्या. मधे मधे कडुनिंबाचा पाला. आणि दर दहा घड्यांना जुन्या परकराच्या नाडीने फुलाची गाठ. मी आयुष्यात पुष्कळ अडलेली, सडलेली जनावरं पाहिली आहेत, पण इतकं निगुतीने केलेलं नुकसान पाहिलं नव्हतं.

"काकू," मी म्हटलं, "घडी चालत नाही त्यांना."

"कुनाला?"

"पट्ट्यांना."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चाळीस वर्सं ह्येंच्या इजारींची घडी करती म्या. कुनी मेलं न्हाई."

काका आले. गौरी जेवल्या, पाहुण्या गेल्या, मग काकूंनी स्वतःच ट्रंक पुढे केली. काका ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक घडी उचलली, उलगडली, पडवीत नेली आणि पहिल्यांदाच ते मशीन सुरू झालं. बघू तरी म्हणून एका टाकाऊ फळकुटावर त्यांनी तो पट्टा फिरवून पाहिला. टक टक टक टक, दर फेरीला. फळकुटावर आडव्या रेघा उमटल्या. त्यांनी मशीन बंद केलं आणि गच्चीवर जाऊन पावसाचं माप घेतलं. दुपारी चारला. इतक्या वर्षांत त्या माणसाने आठाशिवाय माप घेतलं नव्हतं.

मग अबोला सुरू झाला. दोघं एकाच स्वयंपाकघरात बसायची आणि मला वरून खाली बोलवायची.

"डॉक्टरबाई, त्येंना सांगा, चा ठेवलाय."

"डॉक्टरबाई, तिला सांगा, दिसतोय."

सकाळ-संध्याकाळ असे निरोप पोचवून माझ्या नाकी नऊ आले. शेवटी पुण्याच्या दुकानदाराला मीच फोन लावला. तो म्हणाला, या मापाचे पट्टे मुद्दाम करून घ्यावे लागतात, दिवाळीनंतर मिळतील. मी ते काकांना सांगायला गेले. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मला वाटलं, कोसळतील. तर ते म्हणाले, "एका परीनं बरं झालं."

"काय बरं झालं?"

"आता आक्काला सांगता यील. पट्टंच ऱ्हायलं न्हाईत."

माझं डोकं फिरलं. तीन महिने कोपरं सोलून घेतली होती मी. "काका," मी म्हटलं, "तुम्हाला पट्ट्यांची काळजी कधी नव्हतीच. तुम्हाला त्या फळीची भीती वाटते. सोय, सोय म्हणत तुम्ही तीन वर्षं तिच्यापासून पळताय. तिकडे ती बाई पोत्यांवर बसलीय."

फार लागट बोलले मी. पण बोलले. काका बराच वेळ पायरीची कड नखाने खरवडत राहिले.

"फळी येकच हाय," ते शेवटी म्हणाले. "झाड तर पडलं. मशीन लावलं आन् खड्डा पडला, तर दुसरी कुठनं आनू? म्या हितं नोकरीला आलो, डॉक्टरबाई. आईबापाचं हगनं-मुतनं समदं तिनं काढलं. म्या सनाला जायाचो, पाव्हन्यागत, गोडधोड खाऊन यायचो. उभ्या जन्मात तिनं माज्याकडं येकच गोष्ट मागितली. ती बिघडली तर त्वांड कुठं दावू?"

मला एकदम त्यांची फार माया आली. तेवढ्यात काकू आतून आल्या. दाराआड उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं, हे लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. एका हातात घडी केलेला पट्टा, दुसऱ्या हातात कापडं कापायची मोठी कात्री. काकांच्या समोर उभं राहून त्यांनी तो पट्टा घडीवर कापला. पुन्हा पुढच्या घडीवर कापला. तळहातात बसतील असे तुकडे पायरीवर पडायला लागले. बरोबर वीतभराचे.

"डॉक्टरबाई, त्येंना सांगा," काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हातानं घासा म्हनावं. मशीन खड्डा पाडंल. हाताला कळतं कुठं थांबायचं त्ये."

काकांनी एक तुकडा उचलला. उलटापालटा करून पाहिला. मग उठून पडवीत गेले आणि फळीवरचं घोंगडं काढलं.

घटस्थापनेपासून ते काम सुरू झालं आणि दुपारी रोज चाललं. फळीच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला काकू, मधे फणसाचा पिवळा भुगा. पहिले दोन दिवस नुसता खरखर आवाज. तिसऱ्या दिवशी काकू आडवं घासायला लागल्या आणि काकांना राहवलं नाही.

"डॉक्टरबाई, तिला सांगा, रेषेनं घास. लाकडाच्या रेषेनं!"

"त्येंना सांगा, मला शिकवू नगा. जन्मभर भुई सारवलीय."

मी रविवारी मधे बसायचे. वासरं ओढून ओढून माझे खांदे चांगले तयार आहेत, त्यामुळे मधला भाग लवकर साफ झाला. मी उठल्यावर काकांनी त्यावर हात फिरवून पाहिला आणि माझ्या हातात पुढचा तुकडा ठेवला, म्हणजे पसंत होतं. आणि एक दिवस साठ नंबरचे तुकडे संपत आले, तेव्हा काकांनी फळीवरची नजर न काढता हात पुढे केला आणि थेट म्हणाले, "येकशेवीस दे." गौरी गेल्यापासून नवऱ्याने बायकोशी बोललेला हा पहिला शब्द. काकूंनी एकशेवीसचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. माझी निरोपाची नोकरी सुटली.

शेवटी दोनशेवीस फिरलं, मग जवसाच्या तेलाचा हात. फळीने गुळाच्या पाकासारखा रंग धरला. काका तिच्यावरून तळहात फिरवत आणि पुन्हा पुन्हा खाली वाकून तिरप्या नजरेने बघत. कुठे खड्डा सापडत नव्हता आणि त्याने ते अस्वस्थ होत होते.

वसुबारसेच्या आधीच्या रविवारी फळी टेम्पोने हिर्डोशीला गेली. काका फळीशेजारी बसून, काकू माझ्या मागे स्कूटीवर. खाचरांतून भात कापणी चालली होती. तुळईला कड्या बसल्या, साखळ्या लागल्या, फळी चढली. काकांनी लेव्हलची नळी ठेवून पाहिली, एक कडी काढली, पुन्हा बसवली, पुन्हा नळी ठेवली. चौथ्या वेळेला पोत्यांवरून आवाज आला.

"रघ्या, झोपाळा लावतोयास का धरान बांधतोयास?"

मग आक्काला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही बसवलं. काका समोर उभे. आक्काने दोन्ही तळहात फळीवर ठेवले आणि सावकाश बाजूला नेले, कडेपर्यंत.

"लई गुळगुळीत केलास रं," आक्का म्हणाली. "म्हातारं मानूस घसरायचं की."

"आक्का, म्या येकट्यानं न्हाई—"

"मशीननं केलंस?"

"हातानं. सुमीनं, ह्या डॉक्टरबाईनं. थोडं म्या."

आक्काने पायाने जमीन जराशी रेटली. झोपाळा हलला. साखळी कुरकुरली नाही. मग तिने कनवटीचा मोबाईल काढून माझ्याकडे दिला आणि प्रकाशला लावायला सांगितलं.

"प्रकाश, दिवाळीला ये. लाडू खायाला ये. न्यायला नगं येऊस. बसायला जागा झाली." तिकडून तो काहीतरी समजावत असावा. आक्काने ऐकून घेतलं नाही, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बंद कर, बाई. लई वला हाय त्यो."

काकू तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मला वाटलं हसायला. आत जाऊन बघते तर चुलीपुढे उभ्या राहून रडत होत्या.

जेवणं झाली. टेम्पो केव्हाच गेला होता. काका पाचच्या एसटीने येणार होते, काकू आणि मी स्कूटीने आधी निघणार होतो. निरोप घ्यायला पडवीत आलो तर आक्का झोपाळ्यावर बसल्या बसल्या साखळीला डोकं टेकून झोपली होती. काका शेजारी उभे होते आणि दोन्ही हातांनी ती साखळी धरून होते. झोपाळा अगदी स्थिर. आम्ही काही बोलणार, तर त्यांनी नुसते डोळे मोठे करून गप्प बसवलं आणि मानेने सांगितलं, जा.

आम्ही पाय न वाजवता अंगणातून उतरलो. गाडीसुद्धा मी वळणापर्यंत ढकलत नेली, मग सुरू केली. वळणावरून मागे पाहिलं. ते तसेच उभे होते.

पुढे डिसेंबरात माझी बदली झाली. काकांचे नवे पट्टे आले, ते माझ्या रिकाम्या खोलीत लटकले, असं फोनवर कळतं. पण काकांची आठवण निघाली की मला ते वळणावरून दिसलेलेच दिसतात.

त्या दिवशी पाचची एसटी त्यांना न घेताच भोरला आली. काका उगवले ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, खांदे चोळत. काकूंनी दारातच विचारलं, एवढा उशीर कशाने.

"आक्काला जाग न्हाई आली. पार दिवेलागनीपतुर झोपली."

"मग दावं बांधून यायचं व्हतं की झोपाळ्याला."

"वाकलो आसतो तर हालला आसता," काका म्हणाले.